आयएनआर नॉर्मल आला म्हणून गोळीचा परिणाम गेला असे नाही

गोव्यात पूर्वी कोणी ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हटले की ती बहुतेक असिट्रॉम असायची, नाहीतर वॉरफरिन. सोबत दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासायची चिठ्ठी ठरलेली. अलीकडे चित्र बदलले आहे. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन या नव्या औषधांच्या स्वस्त भारतीय गोळ्या बाजारात आल्या आणि आता एकाच घरात आजी असिट्रॉमवर, आजोबा अपिक्साबॅनवर असे दिसू लागले आहे. घरच्यांच्या लेखी दोन्ही गोळ्या एकच. त्यामुळे आजीची तपासणी आजोबांनाही लावली जाते.

मी प्रयोगशाळेत काम करते. ‘आयएनआर १.१ आलाय, म्हणजे आता रक्त पातळ नाही ना? दात काढायला हरकत नाही ना?’ असा प्रश्न अपिक्साबॅन घेणाऱ्याच्या घरून येतो तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. त्या आकड्याचा त्या गोळीशी जवळजवळ काही संबंध नसतो. गोळी पोटात असते, रक्तात असते, आपले काम करत असते आणि कागदावर सगळे नॉर्मल दिसते. कोणती गोळी कोणत्या तपासणीत दिसते आणि रक्तस्राव झाला तर तिच्यावर उतारा कोणता, हे रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांनाही ठाऊक असायला हवे.

रक्त गोठते कसे?

खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, गावात वाढलेल्यांना हे चटकन कळेल. भरतीच्या पाण्याने बांधाला भगदाड पडले की आधी हाताशी असतील ते दगडधोंडे आत लोटतात. मग त्यावर चिखल आणि पेंढा थापून भगदाड घट्ट बुजवतात. रक्तवाहिनीला इजा झाली की शरीर हेच करते. प्लेटलेट नावाच्या पेशी येऊन भोकावर बसतात, ते धोंडे. त्यांच्यावर फायब्रिन नावाच्या चिवट धाग्यांचे जाळे विणले जाते, तो चिखल आणि पेंढा. हे जाळे विणण्यासाठी रक्तात काही प्रथिने गड्यांसारखी तयार असतात. त्यांतली बहुतेक यकृतात बनतात आणि ती आकड्यांनी ओळखली जातात. सातवे, नववे, दहावे असा एक गडी दुसऱ्याला कामाला लावतो. दहावा थ्रॉम्बिन तयार करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनचे धागे.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही धोंडे एकमेकांना चिकटू न देणारी औषधे. असिट्रॉम आणि वॉरफरिन यकृतात नवे गडी नीट घडूच देत नाहीत. नव्या गोळ्या तयार गड्यांपैकी एकाचाच हात धरून ठेवतात. अपिक्साबॅन आणि रिव्हरॉक्साबॅन दहाव्याचा, डॅबिगॅट्रॅन थ्रॉम्बिनचा. यापैकी कुठलेही औषध रक्त पाण्यासारखे पातळ करत नाही. गुठळी होण्याचे काम तेवढे मंदावते.

पुढचे सगळे या फरकातूनच निघते.

आयएनआर नेमके काय मोजतो?

तपासणी तशी साधी आहे. रक्तातला पातळ द्रव, म्हणजे प्लाझ्मा, घ्यायचा. त्यात गोठण्याची क्रिया सुरू करणारे रसायन घालायचे आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. या वेळेला पीटी म्हणतात. निरोगी माणसाला साधारण ११ ते १४ सेकंद लागतात.

अडचण रसायनाची होती. ते कधी सशाच्या मेंदूपासून बनवलेले, कधी आणखी कशापासून. त्यामुळे एका लॅबमध्ये २० सेकंद आले तर दुसरीत तेच रक्त २६ दाखवायचे. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने यावर तोडगा काढला. प्रत्येक रसायनाला त्याच्या संवेदनशीलतेचा एक अंक द्यायचा आणि त्या अंकाने हिशेब सारखा करून घ्यायचा. असा सारखा केलेला आकडा म्हणजे आयएनआर. समजा नॉर्मल वेळ १३ सेकंद आणि रुग्णाची २६. गुणोत्तर झाले दोन. रसायनाचा अंक १ असेल तर आयएनआर २ येतो, अंक १.३ असेल तर साधारण २.५.

लोकांना कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी, की हा अंक ठरवताना निरोगी माणसांच्या जोडीने वॉरफरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांचे रक्त वापरतात. म्हणजे आयएनआर जन्मापासून त्याच कुळातल्या औषधांसाठी बनलेली मोजपट्टी आहे. त्या कुळासाठी ती उत्तम चालते. हृदयाची लय बिघडलेली असेल किंवा पायातल्या शिरेत गुठळी झालेली असेल तर आकडा सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, म्हणजे मायट्रल जागी, धातूची कृत्रिम झडप असेल तर २.५ ते ३.५.

एक खाचखळगा इथेही आहे. असिट्रॉम सुरू केल्यावर सातव्या क्रमांकाचे प्रथिन सर्वात आधी घटते, कारण त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, जेमतेम सहा तास. थ्रॉम्बिन ज्यापासून बनते ते प्रोथ्रॉम्बिन मात्र दोन-तीन दिवस टिकून राहते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयएनआर वर गेलेला दिसतो, पण गुठळीपासून खरे संरक्षण अजून मिळालेले नसते. म्हणूनच ताजी गुठळी असलेल्या रुग्णाला सुरुवातीचे निदान पाच दिवस हेपॅरिन या लगेच गुठळी रोखणाऱ्या औषधाचे इंजेक्शन सोबत देतात. ‘आकडा आला तरी इंजेक्शन का टोचतात?’ या प्रश्नाचे उत्तर हे.

श्रावणात आकडा का घसरतो?

यकृताला हे गडी घडवायला के जीवनसत्त्व लागते आणि असिट्रॉम त्याच्याच वाटेत आडवी येते. के जीवनसत्त्व सर्वाधिक असते हिरव्या पालेभाज्यांत. आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की तायकिळा, अळू, शेवग्याचा पाला, मग तांबडी भाजी असे पानात येत राहते. श्रावणात मासे बंद झाले की भाज्यांचे प्रमाण आणखी वाढते. भात, मासळी, नारळ यांत के जीवनसत्त्व फारसे नसते. म्हणजे मासळी सुटली आणि पालेभाजी वाढली की गोळी तीच असूनही आयएनआर खाली येऊ शकतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर पुन्हा मासळी सुरू झाली की तो उलट चढतो.

यावर उपाय भाजी सोडणे हा नव्हे. पालेभाजी बंद केलेल्यांचा आकडा उलट जास्त हिंदकळतो, कारण मग थोडीशी भाजीही त्याला हलवते. वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात खावी आणि श्रावणासारखा बदल होणार असेल तर त्या दिवसांत एक तपासणी जास्तीची करून घ्यावी.

भाजीपेक्षा औषधांचे जास्त भय बाळगा. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर काही दिवसांतच धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी आकडा बदलो न बदलो, पोटातून रक्त जाण्याचा धोका नक्की वाढतो. फार्मसीतून स्वतःहून घेतलेली जुलाबाची किंवा गुडघेदुखीची गोळी या रुग्णांना खूप महागात पडते.

निळ्या झाकणाची नळी

आकडा चुकीचा यायला गोळीच कारण असते असे नाही. या तपासणीचे रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात सोडियम सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेले असते. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होते आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. शीर सापडत नाही म्हणून अर्धी नळी भरून पाठवली तर आम्ही ती परत पाठवतो. तेव्हा रुग्णाला राग येतो आणि मला तो समजतोही, पण त्या नळीवरून डोस बदलणे जास्त वाईट. दुसरे म्हणजे हा नमुना बर्फात ठेवायचा नसतो. थंडीने सातवे प्रथिन आपोआप जागे होते आणि वेळ बदलते.

आकडा अचानक विचित्र आला आणि रुग्ण ठणठणीत असेल, तर डोस बदलण्याआधी नवा नमुना मागा. तो तुमचा हक्क आहे.

नव्या गोळ्यांना तपासणी लागत नाही ना?

रोजच्या डोससाठी लागत नाही, हे खरे. त्यांचा परिणाम बराच ठरावीक असतो. गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत तो शिखरावर जातो आणि मूत्रपिंडे चांगली असतील तर साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो. या रुग्णांसाठी आयएनआरपेक्षा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, कितीतरी महत्त्वाची. डॅबिगॅट्रॅन सुमारे ८० टक्के लघवीवाटे बाहेर पडते, अपिक्साबॅन साधारण २७ टक्के. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडे मंदावली की डॅबिगॅट्रॅन रक्तात साठत जाते. वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन बघायलाच हवे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी, किंवा मूत्रपिंडे आधीच कमकुवत असलेल्यांनी, त्याहून वारंवार.

पण रोजच्या डोससाठी तपासणी लागत नाही म्हणजे कधीच लागत नाही, असा अर्थ काढू नये. अपघात, मेंदूतला रक्तस्राव, तातडीचे ऑपरेशन, पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही हा निर्णय, अशा वेळी औषध रक्तात किती आहे हे कळावे लागते. आणि त्याच वेळी नेहमीची पीटी फसवते. अपिक्साबॅनचा पूर्ण डोस अंगात असताना पीटी आणि आयएनआर नॉर्मल येऊ शकतात. रिव्हरॉक्साबॅनने पीटी थोडी वाढते, तीही लॅबमधल्या रसायनावर अवलंबून.

मग बघायचे काय? डॅबिगॅट्रॅनसाठी थ्रॉम्बिन टाइम नावाची जुनी, स्वस्त तपासणी आहे. ती इतकी संवेदनशील, की नॉर्मल आली तर डॅबिगॅट्रॅन अंगात जवळपास नाहीच असे धरता येते. मात्र ती खूप वाढलेली आली तर औषध किती हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्लाझ्मा पातळ करून तीच तपासणी वेगळ्या रीतीने करतात. अपिक्साबॅन आणि रिव्हरॉक्साबॅनसाठी अँटी-टेन-ए तपासणी लागते. दहाव्या प्रथिनाचे काम औषधाने किती रोखले, हे ती मोजते. त्या-त्या औषधाचे प्रमाणित द्रावण वापरले तर उत्तर नॅनोग्रॅममध्ये मिळते. दिवसातून दोनदा ५ मिलिग्रॅम अपिक्साबॅन घेणाऱ्यात ते शिखरावर सुमारे १७० आणि पुढच्या गोळीच्या आधी १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास असते, पण माणसागणिक फरक मोठा. गंभीर रक्तस्रावात पातळी ५० च्या वर असेल तर उताऱ्याचा विचार करावा. रक्तस्रावाचा मोठा धोका असलेले तातडीचे ऑपरेशन असेल तर ३० च्या वर. या मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सुचवलेल्या आहेत.

अँटी-टेन-ए प्रत्येक तालुक्यात होण्यासारखी तपासणी नाही. पण मोठ्या रुग्णालयात हेपॅरिनसाठी ती ठेवलेली असेल, तर हेपॅरिनच्या मापावरही ‘औषध जवळपास नाही’ एवढे सांगता येते. तातडीच्या वेळी तेवढ्यानेही काम पुढे सरकते.

उतारे

असिट्रॉम-वॉरफरिनचा उतारा के जीवनसत्त्व. पण ते यकृताला नवे गडी घडवायला लावते आणि त्याला वेळ लागतो. शिरेतून दिले तरी परिणाम दिसू लागायला सहा-आठ तास, पूर्ण व्हायला दिवसभर. मेंदूत रक्त साचत असताना एवढा वेळ नसतो. तेव्हा तयार गडीच बाहेरून आणावे लागतात. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, रक्तपेढीतला प्लाझ्मा. तो गोठवलेला असतो, वितळवायला वेळ जातो, आणि ६० किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिलिलिटर द्यावा लागतो. हृदय कमकुवत असेल तर एवढा द्रव त्याला झेपत नाही. दुसरा, पीसीसी, म्हणजे दुसऱ्या, सातव्या, नवव्या, दहाव्या प्रथिनांची घट्ट केलेली पूड. ती थोड्याशा पाण्यात विरघळवून शिरेतून देतात आणि आयएनआर अर्ध्या तासाच्या आत खाली येतो. सोबत के जीवनसत्त्व द्यावेच लागते. नाहीतर बाहेरून आलेली प्रथिने काही तासांत संपतात आणि आकडा पुन्हा चढतो.

हेपॅरिनचा उतारा प्रोटॅमिन. ते सामन माशाच्या शुक्राणूंतून मिळवले गेलेले प्रथिन आहे. कोणाला मासळीची ॲलर्जी असेल तर आपल्या मत्स्याहारी गोव्यात ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. साध्या हेपॅरिनवर प्रोटॅमिन चोख चालते, पोटात टोचतात त्या एनॉक्सापॅरिनवर अर्धवटच.

डॅबिगॅट्रॅनचा उतारा मला सर्वात देखणा वाटतो. २०१५ साली आलेले इडारुसिझुमॅब हे प्रतिपिंड थ्रॉम्बिनपेक्षा सुमारे ३५० पट घट्ट डॅबिगॅट्रॅनला पकडते. ५ ग्रॅम शिरेतून दिले की काही मिनिटांत गोठण्याच्या तपासण्या नॉर्मलवर येतात. अपिक्साबॅन-रिव्हरॉक्साबॅनसाठी ॲन्डेक्सानेट नावाचे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले होते; २०२५ च्या अखेरीस तिथली त्याची विक्री थांबवण्यात आली. ते खऱ्या दहाव्या प्रथिनासारखे दिसणारे, पण काम न करणारे सोंग आहे. औषध त्यालाच जाऊन चिकटते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी या गोळ्यांच्या रक्तस्रावात पीसीसीच दिले जाते.

उतारा दिल्यावर आकडा काय सांगतो?

इथे डॉक्टरांचीही गल्लत होताना मी पाहिली आहे. पीसीसी अपिक्साबॅनला शरीरातून काढत नाही. जास्तीचे गडी आणून अडवणुकीवर मात करते. त्यामुळे पीसीसीनंतर अँटी-टेन-ए पाहिली तर आकडा होता तिथेच दिसतो. म्हणजे उतारा फुकट गेला असे नाही. ॲन्डेक्सानेटनंतर नेहमीच्या यंत्रावरची हीच तपासणी फसवी उत्तरे देते. डॅबिगॅट्रॅनच्या बाबतीत प्रतिपिंडाने आकडा नॉर्मल होतो, पण काहींच्या शरीराच्या इतर भागांत मुरलेले औषध बारा ते चोवीस तासांत पुन्हा रक्तात येते. म्हणून दुसऱ्या दिवशीही तपासावे लागते. प्लाझ्माने आयएनआर १.५ च्या आसपास आला आणि तिथेच अडकला, तर आणखी पिशव्या चढवून फारसे साधत नाही, कारण दात्याच्या प्लाझ्माचाच आयएनआर १ च्या थोडा वर असतो.

रक्तस्राव थांबला का, रक्तदाब सावरला का, हिमोग्लोबिन घसरायचे थांबले का, स्कॅनमधला डाग वाढतोय का, निर्णय यावरून घ्यायचा. लॅबचा कागद त्याच्या जोडीला.

आकडा वाढलाय, मग उतारा लगेच का देत नाहीत?

आयएनआर ६ आला आणि डॉक्टरांनी फक्त दोन दिवस गोळी बंद ठेवा म्हटले, की घरचे हादरतात. पण रक्तस्राव नसेल तर साधारण १० पर्यंत के जीवनसत्त्व सर्रास दिले जात नाही. डोस थांबवून पुन्हा तपासतात. १० च्या वर गेला तर तोंडाने देतात. कारण उताऱ्याचेही मोल मोजावे लागते. गोळी ज्या गुठळीसाठी सुरू केली, तिचा धोका उतारा दिल्याक्षणी परत येतो. धातूच्या झडपेवर गुठळी बसली तर जीव जातो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मेंदूतल्या रक्तस्रावात ॲन्डेक्सानेटने रक्तस्राव जास्त जणांत आटोक्यात आला, पण पक्षाघात, हृदयविकार वगैरे गुठळ्यांचे प्रमाणही १०.३ टक्के झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ते ५.६ टक्के होते.

सगळ्यांनाच नवी गोळी का देत नाहीत?

धातूच्या झडपा असलेल्यांवर डॅबिगॅट्रॅन आणि नंतर अपिक्साबॅन वापरून पाहिले गेले. दोन्ही चाचण्या थांबवाव्या लागल्या. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या रुग्णांतही २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुनीच औषधे सरस ठरली, आणि असे रुग्ण भारतात फार आहेत. १९९० पासून आपल्याकडे बसवल्या जाणाऱ्या तिरुवनंतपुरमला विकसित झालेल्या चित्रा या कृत्रिम झडपेच्या रुग्णांनाही जुनीच गोळी आणि आयएनआर आयुष्यभर. ती स्वस्तातली गोळी म्हणून दिलेली नसते.

आणि ॲस्पिरिन?

ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल यांपैकी काहीच आयएनआरमध्ये दिसत नाही. ज्या प्लेटलेटवर परिणाम झाला ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तो राहतो. या दोन्हींवर खास उतारा नाही.

१०८ रुग्णवाहिकेत बसताना

काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पोचायला वेळ लागतो. नातेवाईक स्कॅन, जुने रिपोर्ट, आधार कार्ड सगळे घेऊन येतात आणि गोळीचे पाकीट घरी राहते. लॅबमध्ये आम्हाला सर्वात आधी दोनच गोष्टी हव्या असतात. गोळी कोणती, आणि शेवटची किती वाजता घेतली. नाव कळले की कोणती तपासणी करायची ते ठरते. वेळ कळली की आलेला आकडा चढतीचा की उतरतीचा हे कळते. गोळी पोटात जाऊन दोन-चार तासच झाले असतील तर रुग्णालयात औषधी कोळशाची पूड देऊन ती शोषली जाण्याआधी अडवता येते. डॅबिगॅट्रॅन डायलिसिसने काढता येते, अपिक्साबॅन नाही. मोबाईलमध्ये पाकिटाचा फोटो ठेवा आणि वेळेचा अंदाज घरातल्या दुसऱ्या कोणालातरी असू द्या.

स्कूटरवरून पडून डोक्याला मार बसला आणि माणूस नीट बोलतो आहे, तरीही या गोळ्या घेणाऱ्याने स्कॅन करून घ्यावा. आयएनआर नॉर्मल आला तरी.

गोळी पुन्हा कधी?

बहुतेकांना ती पुन्हा लागतेच. पोटातला रक्तस्राव थांबल्यावर सहसा एक-दोन आठवड्यांत, मेंदूतल्या रक्तस्रावानंतर अनेकदा चार ते आठ आठवड्यांनी आणि स्कॅन पाहून. झडप असेल तर त्याहून लवकर, हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून ठरवून. उतारा म्हणून मोठ्या डोसचे के जीवनसत्त्व दिलेले असेल, तर असिट्रॉम पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरसुद्धा आयएनआर जागचा हलत नाही. घाबरून डोस दुप्पट करू नये. झडपेसारखा मोठा धोका असेल तर तेवढे दिवस डॉक्टर हेपॅरिनची इंजेक्शने देतात, दर दोन-तीन दिवसांनी नमुना मागवतात आणि आकडा ठरलेल्या मर्यादेत टिकला की इंजेक्शने बंद करतात.